बांधकामाच्या सुरक्षा-तपासणीची सेवा : आमच्या सोसायटीचा १४ महिन्यांचा अनुभव

कर्वेनगरमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेने स्वयंपुनर्विकास करायचे ठरवले, तेव्हा मध्ये बिल्डर नाही याचा आनंद सर्व सभासदांना झाला. पण त्याबरोबर बिल्डरची जबाबदारीही आपल्या गळ्यात आली आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात आले होते. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने ‘नियोक्ता’ या शब्दाची जी व्याख्या केली, तिच्यात ठेकेदाराबरोबर बांधकामाचा धनीही येतो. म्हणजे ज्या ३६ सभासदांनी आयुष्यात कधी एका मजुरालाही कामावर ठेवले नव्हते, ते एका रात्रीत ऐंशी-नव्वद मजुरांच्या जिवाला उत्तरदायी झाले. सचिव या नात्याने ही गोष्ट मी सभेपुढे मांडली आणि बऱ्याच चर्चेनंतर आम्ही बांधकामाची सुरक्षा-तपासणी करून देणाऱ्या एका खासगी संस्थेची सेवा घेतली. दरमहा एक भेट, प्रत्येक भेटीचा लेखी अहवाल, वर्षातून दोनदा कामगारांचे प्रशिक्षण आणि भेटीमागे १२,००० रुपये अधिक कर, असा तो करार होता. तळघर, पार्किंग आणि त्यावर ११ मजले असे काम चालू असताना या सेवेच्या १४ भेटी आम्ही पाहिल्या. त्यातल्या पहिल्या सहा आणि नंतरच्या आठ यांच्यात एवढा फरक पडला की, या सेवेला एकच गुण द्यायचा तर तो कोणत्या अर्ध्याला द्यावा, असा प्रश्न पडतो.

मुळात अशी सेवा विकत घ्यावी का लागते, हे आधी सांगितले पाहिजे. १९९६ च्या कायद्याने आणि त्याखालील नियमांनी सुरक्षा अधिकारी व सुरक्षा समिती सक्तीची केली ती ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कामांवर. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सुरक्षा अधिकाऱ्यासाठीची मर्यादा बांधकामांपुरती २५० वर आली. शहराच्या जुन्या भागात आज जी पुनर्विकासाची कामे चालू आहेत, त्यांतल्या बहुतेक कामांवर एका वेळी शंभर माणसेही नसतात. म्हणजे जिथे पडण्याची उंची तीच, विजेचा धक्का तोच आणि खड्डाही तेवढाच खोल, तिथे सुरक्षेकडे पाहणारा पूर्णवेळ माणूस ठेवण्याचे बंधन मात्र नाही. साइट इंजिनिअर हेच काम ‘जाता-जाता’ करतो, आणि त्याच्या डोक्यावर स्लॅबच्या तारखेचे ओझे असते. सरकारी निरीक्षकाला आत येण्याचे, नोंदवह्या मागण्याचे आणि चौकशीचे अधिकार १९९६ च्या कायद्याने दिले होते. पण सुरक्षा-नियम मोडल्याबद्दल याच कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा होती. आमच्या साइटवर काँक्रीटची एक गाडी परत पाठवली तरी त्याच्या कितीतरी पट नुकसान होते. तेव्हा ठेकेदाराला कोणत्या गोष्टीची भीती जास्त वाटणार, हे वेगळे सांगायला नको.

पहिली भेट ठरली, तेव्हा संस्थेकडून तीन दिवस आधी ईमेल आला. भेटीची तारीख, वेळ सकाळी अकरा, आणि कोणती कागदपत्रे तयार ठेवावीत याची यादी त्यात होती. त्या दिवशी मी सहज नऊ वाजता साइटवर गेलो, तर मुकादम नव्या हेल्मेटांची खोकी फोडत होता. काही हेल्मेटांवरचे प्लास्टिकही निघालेले नव्हते. साडेदहाला खोदाईचे काम थांबवून सगळ्यांना चहा दिला गेला. अकराला आलेले निरीक्षक वयाने ज्येष्ठ, अनुभवी आणि बोलायला अत्यंत सौजन्यशील होते. दीड तासात त्यांनी सगळीकडे फेरी मारली, ६० छायाचित्रे काढली आणि चार दिवसांनी ४६ पानांचा रंगीत अहवाल पाठवला. त्यात आम्हाला १०० पैकी ८२ गुण होते. कार्यकारिणीच्या सभेत टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, हे कबूल करतो.

तो अहवाल पुन्हा एकदा शांतपणे वाचला, तेव्हा गुणांची पद्धत कळली. सुरक्षा-लेखापरीक्षणासाठी आयएस १४४८९ हे भारतीय मानक आहे आणि आपली प्रश्नावली त्यावर बेतलेली आहे, असे संस्थेने प्रस्तावनेत लिहिले होते. मानकाविषयी माझी तक्रार नाही. पण प्रश्नावलीत प्रत्येक प्रश्नाला एकच गुण होता. प्रथमोपचाराच्या पेटीवर नाव लिहिलेले नाही, याचा एक गुण वजा आणि खोदलेल्या खड्ड्याच्या कडेला कठडा नाही, याचाही एकच गुण वजा. सूचनाफलक तीन भाषांत आहे, याचा एक गुण मिळाला. पण त्या फलकाखाली उभा असलेला माणूस त्या तीनपैकी कोणतीही भाषा वाचू शकतो का, असा प्रश्न यादीत नव्हता. आमच्या साइटवर यादगीर आणि कलबुर्गीकडची कुटुंबे होती, सेंट्रिंगचे, म्हणजे ओले काँक्रीट तोलून धरणाऱ्या फळ्या-टेकूंच्या साच्याचे, सुतार बंगालचे होते आणि लोखंडाचे काम करणारे बिहारचे होते. अशा मोजणीत ८२ गुण मिळवणाऱ्या साइटवर उरलेल्या १८ गुणांत माणूस मरू शकतो, आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर मात्र हिरवा शिक्का असतो.

दुसरी उणीव कार्यकक्षेची होती आणि ती माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. मे महिन्यात आमची खोदाई पूर्व बाजूला शेजारच्या इमारतीच्या जुन्या दगडी कुंपणभिंतीपर्यंत पोचली होती. त्याच भिंतीला टेकून ठेकेदाराने मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या होत्या. तीन भेटींच्या तिन्ही अहवालांत या खोल्यांचा उल्लेखच नव्हता. मी विचारले तेव्हा उत्तर आले की, कामगारांची वसाहत करारातील कार्यकक्षेत येत नाही आणि शेजारची भिंत तर आपल्या हद्दीबाहेर आहे. करार काढून पाहिला, तर उत्तर बरोबर होते.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला हे उत्तर पचणे कठीण आहे. २९ जून २०१९ च्या पहाटेपूर्वी कोंढव्यात एका सोसायटीची कुंपणभिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि झोपेत असलेली १५ माणसे गेली. त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतर तीनच दिवसांच्या आत आंबेगावात तशीच भिंत पडून आणखी सहा जण गेले. ती माणसे परांचीवर नव्हती. हेल्मेट, हार्नेस (उंचावरून पडू नये म्हणून अंगावर बांधायचे पट्टे), बूट यांतले काहीही त्यांना वाचवू शकले नसते. बांधकाम मजुराचा दिवस संध्याकाळी सहाला संपतो आणि त्याबरोबर धोकाही संपतो, असे गृहीत धरून तपासणीची हद्द आखली, तर अशा मृत्यूंना त्या तपासणीत जागाच राहत नाही. आम्ही कार्यकारिणीचा ठराव करून जूनच्या पहिल्या आठवड्यात खोल्या पश्चिमेच्या मोकळ्या बाजूला हलवल्या. ठेकेदाराने १५ दिवस कुरकुर केली. भिंत पावसाळ्यात पडली नाही, आजही उभी आहे. आणि त्यामुळे ‘उगाच खर्च केला’ असे म्हणणारे दोन सभासद अजूनही तसेच म्हणतात.

कोंढव्याच्या आठवणीने मी वेळ या गोष्टीकडे पाहायला लागलो. येरवड्याला शास्त्रीनगरमध्ये ३ फेब्रुवारी २०२२ ला लोखंडी जाळी कोसळून बिहारचे पाच मजूर गेले, ते रात्री काम करताना. समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे १ ऑगस्ट २०२३ ला गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि २० माणसे गेली, तीही मध्यरात्रीच्या सुमारास. आमच्या साइटवरही सर्वांत जोखमीचे काम रात्रीच होत असे. दिवसा वाहतुकीमुळे तयार काँक्रीटच्या गाड्या वेळेवर पोचत नाहीत, म्हणून स्लॅब भरायला नऊनंतर सुरुवात होई आणि पहाटे चारपर्यंत काम चाले. त्या वेळी साइटवर माणसे सर्वांत जास्त, उजेड सर्वांत कमी आणि सगळे थकलेले. तपासणीची वेळ मात्र सकाळी अकरा, तीही तीन दिवस आधी कळवून.

सहाव्या भेटीनंतर आम्ही संस्थेला लेखी पत्र दिले आणि करारात चार बदल मागितले. भेट पूर्वसूचनेशिवाय व्हावी. १२ पैकी निदान चार भेटी सूर्यास्तानंतर असाव्यात. कामगारांची वसाहत आणि हद्दीला लागून असलेल्या भिंती व झाडे तपासणीत यावीत. आणि जिवाला तत्काळ धोका दिसल्यास निरीक्षकाने त्या भागातील काम जागीच थांबवावे. चौथी अट मानायला संस्था तयार नव्हती. आम्ही सल्ला देतो, आदेश देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यात कायदेशीर सावधगिरीही होती. शेवटी तोडगा असा निघाला की, ठेकेदाराच्या कार्यादेशातच आम्ही दुरुस्ती केली: निरीक्षकाने लाल शेरा मारला की काम थांबवण्याचा आदेश सोसायटीने दिला आहे, असे समजले जाईल आणि त्या वेळेची नुकसानभरपाई ठेकेदाराला मागता येणार नाही. संस्थेबद्दल एक चांगली गोष्ट इथे नोंदवतो. पत्राचे त्यांना वाईट वाटले नाही. उलट, त्यांनी निरीक्षक बदलून दिले.

नव्या निरीक्षक वयाने तिशीच्या आसपास, औद्योगिक सुरक्षिततेची पदविका घेतलेल्या आणि आधी सहा वर्षे साइटवरच काम केलेल्या होत्या. त्यांची पहिली भेट सप्टेंबरमधल्या एका रात्री साडेआठला झाली. पार्किंगच्या वरचा स्लॅब त्या रात्री भरायचा होता. मला फोन आला तोवर त्या सेंट्रिंगच्या खाली शिरलेल्या होत्या. एका बाजूचे जॅक तळघराच्या भिंतीबाहेर नुकत्याच टाकलेल्या भरावावर उभे होते. त्यांच्या बैठकीखाली फळ्या नव्हत्या, भराव पावसाने भिजलेला होता आणि जॅकना आडव्या-तिरक्या पट्ट्या बांधण्याचे काम अर्धेच झाले होते. त्यांनी बुटाच्या टाचेने एका जॅकच्या बुडाशी माती दाबून दाखवली. टाच दोन इंच आत गेली. ओल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे अडीच टन असते, आणि तो भार पंपाच्या हादऱ्यांसह या मातीवर येणार होता. पहिली गाडी फाटकाशी उभी होती, ठेकेदार फोनवर ओरडत होता आणि साइट इंजिनिअर ‘मॅडम, आजवर कधी काही झालं नाही’ असे सांगत होता. लाल शेरा पडला. फळ्या घालून, पोलादी पट्ट्या बांधून, स्ट्रक्चरल सल्लागाराच्या माणसाने पाहून, पहिले काँक्रीट पडायला साडेबारा वाजले. एक गाडी परत गेली. तिचे पैसे कोणी द्यायचे, यावर पुढे दोन महिने पत्रव्यवहार चालला.

त्यानंतर प्रत्येक स्लॅबला लेखी परवाना आला, आणि त्यावर साइट इंजिनिअर, सल्लागाराचा प्रतिनिधी आणि सेंट्रिंगचा मुकादम अशा तिघांच्या सह्या असल्याशिवाय पंप सुरू होत नसे. मुकादमाची सही घ्यावी, ही सूचना निरीक्षकबाईंची. ठोकळा कुठे सैल आहे, हे त्यालाच ठाऊक असते आणि सही करायची म्हटली की तो ते सांगतो, असे त्यांनी स्पष्ट केले. हा मुद्दा मला ४६ पानी अहवालात कधी मिळाला नव्हता.

‘आहे’ आणि ‘चालते’ यांतला फरक म्हणजे काय, हे त्यांच्या दुसऱ्या भेटीत कळले. विजेच्या तात्पुरत्या पॅनेलवर गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण आहे का, या प्रश्नापुढे आधीच्या सहाही अहवालांत बरोबरची खूण होती. बाईंनी त्यावरचे चाचणीचे बटण दाबले. पुरवठा तुटला नाही. मटेरिअल होइस्टचे, म्हणजे सामान वर नेणाऱ्या यंत्राचे, चाचणी-प्रमाणपत्र फाइलमध्ये होते. त्यांनी प्रमाणपत्रावरचा यंत्र-क्रमांक आणि होइस्टवर कोरलेला क्रमांक ताडून पाहिला, तर प्रमाणपत्र ठेकेदाराच्या दुसऱ्याच साइटवरील यंत्राचे निघाले. उद्वाहक यंत्र कोसळले तर ते किती महाग पडते, १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुम येथे दिसले होते. तिथे ४० मजली इमारतीवर काम संपवून उतरणाऱ्या मजुरांची बांधकामाची लिफ्ट कोसळली आणि सात जण गेले. आमचा होइस्ट फक्त सामानासाठी होता. पण संध्याकाळी सहाला त्यातून माणसे उतरत, हे मी स्वतः पाहिले होते आणि त्यावर बोललोही नव्हतो. आता त्याच्या फाटकाला असा खटका आहे की, फाटक उघडे असेल तर यंत्र चालत नाही, आणि चावी चालकाखेरीज कोणाकडे नसते. तरीही एकदा दोघे जण सिमेंटच्या गोण्यांवर बसून वर जाताना सापडले. नऊ मजले पायऱ्या चढून जायचे आणि रोजगार वरच्या कामाच्या मापावर मिळायचा, अशी व्यवस्था असेल तर माणूस दुसरे काय करणार?

मजुरीचा हा हिशेब सेवेच्या उत्तरार्धातही सुटलेला नाही. बाहेरच्या प्लास्टरचे काम चौरस फुटाच्या दराने दिले जाते. गवंडी अंगभर हार्नेस घालतो, कारण नाहीतर आत सोडत नाहीत. पण हुक लावतोच असे नाही. आधीच्या अहवालांतील छायाचित्रांत हार्नेस दिसतो आणि म्हणून गुण मिळतो; हुक कुठे आहे, हे छायाचित्रात येत नाही. एका गवंड्याला निरीक्षकबाईंनी विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, ‘मॅडम, हुक लगाएँगे तो हाथ कहाँ तक जाएगा?’ त्याचे म्हणणे खरे होते. हुक अडकवायला एकच पाइप होता आणि दोरी चार फुटांची. हात पुढे न्यायचा तर दर वेळी हुक काढायचा, परत लावायचा, आणि त्यात दिवसाचे वीस-पंचवीस फूट काम कमी होई. त्याला दंड करण्याऐवजी बाईंनी परांचीच्या पूर्ण लांबीला आडवी लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायची मजबूत दोरी, आणि दुहेरी दोरीचा हार्नेस सुचवला. आता एक हुक कायम अडकलेला राहतो. पण त्या लाइफलाइनचा खर्च कोणाचा, यावर ठेकेदाराने हात वर केले, आणि त्याच्यावर मी पूर्ण दोष ठेवणार नाही. आमच्या निविदेत जाळ्या, कठडे, लाइफलाइन या सगळ्यांचा समावेश ‘दरात अंतर्भूत’ या दोन शब्दांत केला होता. सर्वांत कमी दर भरणाऱ्याने याच दोन शब्दांवर पाणी सोडले, म्हणून तर तो सर्वांत कमी ठरला होता. पुढचा स्वयंपुनर्विकास करणाऱ्या सोसायट्यांनी सुरक्षेच्या सामानाची अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब करावी आणि मोजमापाप्रमाणे तिचे पैसे द्यावेत. नाहीतर तपासणीत दोष सापडेल, पण दुरुस्ती कोणाच्याच खिशातून होणार नाही.

प्रशिक्षणाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यात लिहिण्यासारखे थोडकेच आहे. पडद्यावर चित्रे दाखवून घेतलेल्या दोन तासांच्या वर्गात निम्मे मजूर पेंगत होते. त्याऐवजी सकाळी आठला काम सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे, त्या दिवशीच्या कामाच्या जागी उभे राहून, त्यांच्याच भाषेत बोलणे जास्त उपयोगी पडले. कन्नड बोलणारा एक फिटर ते चांगले करतो.

कामगारांच्या नोंदणीबाबत मात्र सेवा अजूनही कोरडीच आहे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर आम्ही भरला आहे. ज्या मजुराने मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केले आणि जो १८ ते ६० वयाचा आहे, त्याची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होऊ शकते आणि अपघात झाल्यास त्याच्या कुटुंबाला मदत मिळू शकते. अहवालात यासाठी ‘कामगार नोंदवही उपलब्ध : होय’ अशी ओळ येते. नोंदवहीतल्या किती जणांची प्रत्यक्ष मंडळाकडे नोंदणी झाली, हे कोणी मोजत नाही. आम्ही मोजले तेव्हा ८४ पैकी नऊ निघाले. ९० दिवसांच्या दाखल्यावर सही करायला पोटठेकेदार तयार नव्हते. सही केली की आपल्याकडे इतके दिवस इतकी माणसे होती, हे कागदावर येते. पाच महिने पाठपुरावा करून हा आकडा ४१ वर गेला. हे काम सोसायटीच्या दोन निवृत्त सभासदांनी केले, तपासणी-संस्थेने नव्हे.

या १४ महिन्यांत आमच्या साइटवर मृत्यू झाला नाही. एका सुताराच्या पायात खिळा गेला, एका बिगाऱ्याचे बोट होइस्टच्या फाटकात चेंगरले आणि एक जण परांचीच्या पहिल्या टप्प्यावरून पडून मनगट मोडून बसला. तिन्ही अपघात उशिरा कळले, कारण मुकादमाने आधी दडवले. मृत्यू न होण्याचे श्रेय तपासणीला किती आणि नशिबाला किती, हे सांगता येणार नाही. सप्टेंबरमधल्या त्या रात्रीपुरते मात्र माझ्या मनात काही दुमत नाही.

पुढच्या वर्षाचा करार आम्ही याच संस्थेशी केला आहे, पण त्या निरीक्षकबाईंचे नाव करारात घालून; त्या बदलल्या तर करार मोडण्याचा हक्क आमच्याकडे आहे. भेटीचा दर १५,००० झाला, आणि सभेत तीन मते विरोधात पडली. गुणांचे पान आम्ही काढून टाकायला लावले. अहवाल आता चार पानांचा येतो, त्यात प्रत्येक दोषापुढे दुरुस्त करणाऱ्याचे नाव आणि तारीख असते, आणि त्याची हिंदी प्रत मुकादमाच्या खोलीत लागते. पुढच्या महिन्यात बाहेरचे रंगकाम सुरू होईल. रंगाऱ्यांच्या ठेकेदाराने दोरांवर लटकणाऱ्या झुल्याचे प्रमाणपत्र पाठवले आहे. त्यावरचा क्रमांक झुला साइटवर आल्यावर ताडून पाहायचा आहे.